काळी चार

अन्वरभाईंनी कीबोर्ड आडवा धरून हलवला, तेव्हा त्यातून चमचाभर बिअर बाहेर आली आणि हॉटेलच्या हिरवळीवर सांडली.

"गेला," सदा म्हणाला. सदा आमचा ऑक्टोपॅडवाला, म्हणजे ताल सांभाळणारा. कुठल्याही गोष्टीचं मरण सगळ्यांच्या आधी जाहीर करायची त्याला हौस.

"गेला न्हाई. प्यालाय," अन्वरभाई म्हणाले. "उतरंपर्यंत थांबायचं."

मी हसले नाही. आदल्या दिवशी, शुक्रवारी, गडहिंग्लजच्या बारमध्ये एक गिऱ्हाईक ग्लास डोक्यावर ठेवून नाचायला उठलं होतं, आणि तो ग्लास बरोबर आमच्या कीबोर्डवर येऊन पडला होता. आता शनिवारची दुपार कलली होती. आम्ही गोव्याच्या हद्दीवर, बांद्याजवळच्या एका हॉटेलात होतो. पुढच्या बाजूला परमिट रूम, मागे माडांची बाग, बागेत टेबलं आणि टेबलांच्या टोकाला चार फळ्यांचं स्टेज. स्टेजमागे मालकानं फलक लावला होता: 'मंदाकिनी सुतार आणि पार्टी, मिरज. जुनी गाणी, मूळ पट्टीत.' फलकातली मंदाकिनी सुतार म्हणजे मी. पार्टी म्हणजे अन्वरभाई आणि सदा. शुक्रवार ते रविवार आम्ही अशी गावं घेत हिंडायचो.

दुसरा कुठला शनिवार असता, तर मीही त्या कीबोर्डवर दोन विनोद केले असते. पण त्या संध्याकाळी प्रभुदेसाई येणार होते.

हे प्रभुदेसाई पुण्याचे. जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करायचे, नाट्यगृहात, तिकीट लावून. त्यांची गायिका परदेशात, मुलीकडे कायमची निघून गेली होती आणि पेटीवाला थकला होता. त्यांना दोन्ही जागा भरायच्या होत्या. कुणीतरी माझं नाव सुचवलं. गोव्याहून परतताना बांद्याला थांबतो, तुम्हा दोघांना ऐकतो, असा त्यांचा फोन आला होता. नाट्यगृह! समोर रांगेत खुर्च्या आणि हातात कोंबडीची तंगडी नसलेली माणसं. पन्नाशीला टेकल्यावर मला दुसरं काही नको होतं. अन्वरभाई साठीचे. ते तोंडानं काही बोलले नव्हते, पण येताना त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट वेगळ्या पिशवीत घडी मोडू नये असा आणला होता.

प्रभुदेसाईंची अट एकच. मूळ गाणं ज्या पट्टीत, त्याच पट्टीत गायचं.

"आवाज खाली आला की लोक पट्टी उतरवतात," ते फोनवर म्हणाले होते. "मला ते चालत नाही. तुमची पट्टी?"

"काळी चार," मी म्हणाले. "तीस वर्षं झाली. हलली नाही."

आणि हे मी खोटं सांगत नव्हते. माझा त्यावर विश्वास होता. पेटीवरची चौथी काळी पट्टी हाच माझा सा, आणि त्याचा मला भारी गर्व. सांगलीची लीला जगदाळे माझ्याच वयाची. तिनं पट्टी उतरवली, तेव्हा मी गाडीत म्हटलं होतं, "लीलाबाई आता तळघरातून गातात." गाडीतली सगळी हसली होती. विनोदाच्या मानानं जरा जास्तच हसली होती, पण मी म्हटलं, आपण बोलतोच तसं मजेशीर.

कीबोर्ड उतरेना, तेव्हा हॉटेलच्या मालकानं गावातून एक पेटी आणवली. पेटीबरोबर पेटीचे धनीही आले, बाबल परब. दशावतारी कंपनीत पेटी वाजवणारा माणूस. पेटी परक्याच्या हातात एकटी सोडायला तयार नव्हते. स्टेजशेजारी खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "वाजवा तुमी. पण भाता सावकाश हां. म्हातारी आसा ती."

उन्हं उतरली. टेबलं भरली. प्रभुदेसाई आले, ते ओळखायला वेळ लागला नाही, कारण सबंध बागेत लिंबू सरबत मागवणारा तो एकच माणूस होता. पांढरा झब्बा, चष्मा, टेबलावर समोर ठेवलेला फोन. त्यांनी मला लांबून नमस्कार केला. मीही केला.

मी माझी हुकमी बैठकीची लावणी धरली. तिच्या दुसऱ्या कडव्यात एक ओळ अशी वर चढते की ती ऐकून माणसं हातातला घास हातात ठेवतात. अन्वरभाईंनी सुरुवातीचे सूर छेडले. मी डोळे मिटणार, तेवढ्यात माझी नजर त्यांच्या हातावर गेली.

कीबोर्डवर त्यांचा हात मला कधी दिसायचा नाही. कीबोर्ड स्टँडवर उंच असायचा आणि त्याची पाठ माझ्याकडे असायची. पेटी मात्र माझ्या पायाशी, खाली गादीवर होती. माझे वडील म्हैसाळला भजनी मंडळात पेटी वाजवायचे. पट्ट्या मला अक्षरओळखीच्याही आधी कळत होत्या. अन्वरभाईंचा सा पांढऱ्या चारवर होता. माझ्या काळ्या चारपेक्षा तीन घरं खाली.

मी हात वर करून त्यांना थांबवलं.

"अन्वरभाई, पट्टी चुकली. काळी चार."

ते माझ्याकडे वर बघत हळूच म्हणाले, "ताई, ऱ्हाऊ द्या की आज. हीच बरी हाय."

प्रभुदेसाई ऐकत होते. माझ्या फलकावर 'मूळ पट्टीत' असं लिहिलं होतं, आणि हा माणूस 'राहू द्या' म्हणत होता. माझं डोकं फिरलं. माईक तोंडाशी तसाच धरून मी म्हणाले, "मंडळी, आमच्या अन्वरभाईंना सांभाळून घ्या. वय झालं. आता त्यांना काळी-पांढरी ओळखेनाशी झालीय."

बाग हसली. एकानं टाळीसुद्धा दिली. प्रभुदेसाईही किंचित हसले. सदा हसला नाही. तो ऑक्टोपॅडच्या वायरीशी काहीतरी करत खाली वाकला.

अन्वरभाईंनी मान हलवली आणि हात काळ्या चारवर नेला.

पहिलं कडवं मी ओढून नेलं. मला गळ्याशी काहीतरी अडकतंय असं वाटत होतं, पण मी म्हटलं, हवा दमट आहे. दुसरं कडवं आलं. ओळ चढायला लागली, आणि मी तिच्याबरोबर चढले नाही. आवाज आधी पातळ झाला, मग चिरकला, आणि मग आलाच नाही. पेटी एकटीच वर जाऊन माझी वाट बघत थांबली.

कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. अगदी मनापासून.

असं माझं कधी झालं नव्हतं. मला पहिली जी पळवाट सुचली ती मी धरली.

"पेटी चढी आहे," मी म्हणाले. "सूर वर लागलेत हिचे."

बाबल परब खुर्चीतून ताडकन उठले. "माजी पेटी चढी? बाई, तुमी कायय म्हणा, माज्या पेटीक नाव ठेवू नकात. दोन म्हयन्यांआदी सूर करून हाडलंय!"

"चढी हाय," अन्वरभाई खालूनच म्हणाले. "ताई बरोबर बोलत्यात. थोडी चढीच हाय."

परबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू आपल्याच घरच्या माणसानं विरोधात साक्ष दिली. हे असंच मिटलं असतं. पण प्रभुदेसाई उठून स्टेजपाशी आले. त्यांच्या फोनमध्ये तंबोरा होता. त्यांनी काळी चार लावली, फोन पेटीजवळ धरला आणि अन्वरभाईंना म्हणाले, "सा द्या."

अन्वरभाईंनी सा दिला. फोन आणि पेटी एकमेकांत इतके मिसळले की दोन आवाज आहेत हेसुद्धा कळेना.

"बगा!" परब म्हणाले.

प्रभुदेसाईंनी चष्मा वर सरकवला. "तुम्ही इतकी वर्षं वाजवताय," ते अन्वरभाईंना म्हणाले. "पेटी सुरात आहे हे तुम्हाला कळलं नाही?"

मी बोलायला हवं होतं. काय बोलायचं ते मला तेव्हा धड माहीत नव्हतं, पण ती शरम अन्वरभाईंची नव्हती एवढं तर मला कळत होतं.

"कान गेलं, साहेब," अन्वरभाई म्हणाले. "ताई म्हणाल्या न्हवं का, वय झालं."

प्रभुदेसाई माझ्याकडे वळले. "तुम्हाला सर्दी आहे का?"

"हो," मी म्हणाले. "कालपासून."

"तरीच. उद्या दुपारी जेवणाच्या वेळी पुन्हा गाणार आहात ना? मी थांबतो. गळा शेकून घ्या." मग आवाज खाली आणून, पण अन्वरभाईंना ऐकू जाईल इतकाच खाली, म्हणाले, "साथीला मात्र आम्ही आमचा माणूस घेऊ."

"बरं," मी म्हणाले.

हा 'बरं' माझ्या तोंडून निघाला, अगदी नम्रपणे, आणि मी तो परत घेतला नाही. बाकीचा कार्यक्रम मी वरच्या ओळी टाळत, लोकांना टाळ्यांचा ठेका धरायला लावत उरकला. अन्वरभाई प्रत्येक गाणं काळ्या चारला वाजवत राहिले, कारण मी तसं सांगितलं होतं. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

रविवारी सकाळी मी चहाचे दोन कप घेऊन स्वयंपाकघरामागे गेले. तिथं उन्हात गोणपाट पसरून अन्वरभाईंनी कीबोर्ड उघडून वाळत घातला होता. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. स्क्रू लावले, वायर खिडकीतून आत दिली, बटण दाबलं. कीबोर्ड लागला. त्यांचा चेहरा उजळला, आणि त्या आनंदात, सवयीनं, त्यांचं बोट उजवीकडच्या एका लहान बटणावर गेलं. एकदा, दोनदा, तीनदा. पडद्यावर लाल अक्षरं आली: वजा तीन.

मग त्यांना माझी आठवण झाली.

"हे काय दाबलंत?" मी विचारलं.

त्यांनी बोट बटणावरून उचललं. त्या बटणाचं काम मला माहीत होतं. हात कीबोर्डवर काळ्या चारलाच ठेवायचा आणि आवाज तीन घरं खाली काढायचा, यासाठीच ते असतं. माझ्याबाबतीत ते कधी दाबलं जात असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घरी माझी पेटी पलंगाखाली होती, वर रजया रचून. रोज गातेच की, वेगळा रियाज कशाला, असं म्हणत मी ती कित्येक वर्षांत बाहेर ओढली नव्हती.

"कधीपास्नं?"

"तीन वर्सं होतील. गणपतीत तुमचा घसा बसला हुता, तवा एक घर उतरवलं. म्हटलं, बरं वाटलं की परत वर नेऊ." त्यांनी कप हातात घेतला, पण प्याले नाहीत. "मग वर न्यायचं जमंना. दिवाळीनंतर दुसरं उतरवलं. तिसरं औंदा."

"सदाला माहीत आहे?"

"समद्यांना माहीत हाय, ताई."

समद्यांना. गाडीवाल्याला, हॉटेलवाल्यांना, मिरजेतल्या प्रत्येक वाजवणाऱ्याला. बहुधा लीला जगदाळेलाही. मी स्टेजवरून 'माझी पट्टी काळी चार' असं सांगायचे तेव्हा माझ्या मागे बसलेली माणसं खाली बघत असायची, आणि मी समजायचे की ती सूर जुळवताहेत.

"मला सांगायचं नाहीत का?"

"कसं सांगायचं? लीलाबाईंना गाडीत काय म्हणाला हुता तुम्ही? त्याच्यावर कुणाची जीभ रेटंल?"

माणूस किती निर्लज्ज असतो बघा. एवढं ऐकल्यावरही माझं डोकं प्रभुदेसाईंपाशीच होतं.

"आज दुपारी दाबा तीन," मी म्हणाले. "नेहमीसारखं."

"त्यांच्याकडं फोन हाय."

"मग मी काय करू?"

"ते तुमचं तुम्ही बघा." त्यांनी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत ते माझ्याशी या आवाजात बोलले नव्हते. "आमच्या वडलांनी मिरजेत जलमभर तंबोरं लावलं, ताई. आन् काल तुम्ही एवढ्या लोकांत, त्या साहेबांच्या पुढ्यात म्हणाला, मला काळी-पांढरी कळत न्हाई."

माफी मागायला मी तोंड उघडलं. आणि निघालं काय, तर "चहा गार होतोय." ते कीबोर्ड उचलून आत गेले.

दुपारी बाग पुन्हा भरली. बायकापोरांची जेवणं, सोलकढी, मुलांचा गलका. प्रभुदेसाई पुढच्याच टेबलावर होते आणि फोन ताटाशेजारी तयार होता. त्यांनी मला गळ्याला हात लावून खुणेनं विचारलं, बरं आहे ना? मी मान डोलावली. काय करायचं ते माझं अजून ठरलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी अन्वरभाईंच्या भरवशावर उभी होते. शेवटच्या क्षणी ते काहीतरी करतील, मला सांभाळतील, तीन वर्षं सांभाळलं तसं.

अन्वरभाईंनी बोटं कीबोर्डवर ठेवली आणि सूर दिलाच नाही. पुढ्यातला माईक ओढून त्यांनी विचारलं, "ताई, पट्टी कुठली?"

हा प्रश्न त्यांनी मला कधी केला नव्हता. करायची गरजच नव्हती.

सदाच्या हातातल्या काड्या हवेत थांबल्या. प्रभुदेसाईंनी फोन उचलून तंबोरा उघडला. मी काळी चार म्हटलं असतं, तर अन्वरभाईंनी मुकाट्यानं काळी चार दिली असती आणि मी पुन्हा चिरकले असते. पण तरीही सर्दी होती म्हणायला जागा होती, साथ बरोबर नाही म्हणायला जागा होती. प्रभुदेसाईंनी कदाचित तिसरी संधीही दिली असती. खोटं बोलणाऱ्या माणसाला जागा फार मिळतात.

"पांढरी चार," मी म्हणाले.

बोलले खरी, पण माईक हनुवटीखाली होता. मला स्वतःलाच जेमतेम ऐकू गेलं.

"ऐकू न्हाई आलं, ताई."

त्यांना ऐकू आलं होतं. हाताच्या अंतरावर होते ते, आणि त्यांचे कान कसे होते हे सबंध मिरजेला माहीत होतं. तरी ते माझ्याकडे बघत थांबले. रागानं नाही. पण थांबले.

मी माईक वर घेतला. "पांढरी चार. माझी पट्टी उतरलीय. तीन वर्षं झाली." आणि मग, आता सांगतेच आहे तर म्हणून, "कालची पेटी सुरात होती."

जेवणाऱ्या माणसांना यातलं काही कळलं नाही. ती जेवत राहिली. प्रभुदेसाईंनी फोन बंद करून खिशात ठेवला, आणि अन्वरभाईंनी सा दिला. गाणं छान झालं. दुसऱ्या कडव्यातली ओळ सरळ वर गेली, एका टेबलावरचा घास हातातच राहिला. तीन वर्षं जसं व्हायचं तसंच झालं. फक्त आता ते कुणामुळे होतंय हे मला माहीत होतं, आणि टाळ्या वाजल्या तेव्हा मला वर बघवेना.

कार्यक्रम संपल्यावर प्रभुदेसाई स्टेजवर आले. आधी अन्वरभाईंकडे गेले. "काल पेटी सुरात आहे हे तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले. अन्वरभाई वायर गुंडाळत राहिले. "आणि परवापर्यंत बाईंना पत्ता लागू न देता तुम्ही तीन घरं खाली वाजवत होता?"

"बटण असतंय, साहेब. त्यात काय कला न्हाई."

"काल पेटीला बटण नव्हतं," प्रभुदेसाई म्हणाले आणि खिशातून कार्ड काढून त्यांनी ते कीबोर्डवर ठेवलं. मग माझ्याकडे येऊन दोन्ही हात जोडले. "छान गाता तुम्ही. पण आमची अट तुम्हाला ठाऊक आहे."

"आहे," मी म्हणाले.

आम्ही जेवायला स्वयंपाकघरामागेच बसलो. सदा सामान गाडीत भरायला गेला होता. ताटात बांगड्याचं कालवण आणि भात होता. अन्वरभाईंनी ते कार्ड ताटाशेजारी ठेवलं होतं, माझ्या बाजूला, म्हणजे मला दिसेल असं.

"मी न्हाई जात," ते म्हणाले. "आपलं बरं चाललंय की."

मी भात कालवत राहिले.

"तुम्हाला नवा माणूस मिळंल, पण त्याला तुमचं समदं बसवायला वर्स जाईल." कार्डावर बोट ठेवून ते म्हणाले, "तुम्ही सांगा, ताई. नको म्हणालात तर फोनसुदीक करत न्हाई."

मला 'नको' म्हणायचं होतं. आता लपवून काय करू? ते गेले तर माझं गाणं कोण सांभाळणार, हाच विचार मी घासामागून घास गिळत करत होते, आणि तो माणूस न जेवता माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. माझं पाव ताट तरी संपलं असेल.

"जा," मी शेवटी म्हणाले.

ते इतक्या पटकन उठले की पाण्याचं भांडं कलंडलं. हात धड धुतला न धुतला, तसेच विजारीला पुसत, कार्ड घेऊन ते आतल्या खोलीत फोन करायला गेले, साठीचा माणूस, जवळजवळ पळत. ताटातला भात त्यांनी नुसता कालवून ठेवला होता, एक घासही खाल्ला नव्हता. त्यांना किती जायचं होतं, हे मला तेव्हा कळलं. आतून त्यांचा आवाज येत होता, "साहेब, मी अन्वर मुजावर बोलतोय," आणि मी मान खाली घालून त्यांच्या ताटावरच्या माशा वारत बसले होते.